तुमची गल्ली नक्की कुणाच्या हद्दीत? कोल्हापुरात तक्रार किंवा दाखल्यासाठी बाहेर पडायच्या आधी हे बघा

पाचगावचा माणूस पुण्याला गेला की "कोल्हापूरचा" म्हणूनच सांगतो, उजळाईवाडीचा, उचगावचा, शिंगणापूरचा सगळे तसंच सांगतात आणि त्यात चुकीचं काही नाही. अडचण सुरू होते दारातलं गटार तुंबल्यावर. मग तोच माणूस सुट्टी टाकून महापालिकेत येतो, रांगेत थांबतो, नंबर लागल्यावर समोरचा पत्ता वाचून सांगतो की हे आमच्या हद्दीत येत नाही, ग्रामपंचायतीत जावा. ग्रामपंचायतीत गेल्यावर कळतं की तो रस्ताच बांधकाम विभागाचा आहे आणि गटार पण त्यांनीच बांधलंय. तिसऱ्या ऑफिसला जायचं कुणाच्यानं होत नाही, तक्रार तिथंच राहते आणि गल्लीत डास वाढत राहतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं जी कामं अडतात त्यातली बरीचशी चुकीच्या दारात गेल्यामुळं अडतात. जागा कुणाच्या हद्दीत आणि काम कुणाचं, ह्या दोन गोष्टी घरी बसून ठरवायच्या आणि मगच गाडीला किक मारायची. कसं ठरवायचं ते लिहितोय, जरा लांबलंय पण सेव्ह करून ठेवा, घरात कुणाला ना कुणाला लागतंयच.

आधी जिल्हा डोळ्यासमोर आणा

जिल्ह्यात १२ तालुके. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, कागल, हातकणंगले, शिरोळ, आजरा, गडहिंग्लज, चंदगड. नाव एक आणि मुख्य ठिकाण दुसरं असा पण प्रकार आहे, भुदरगड तालुक्याचं तहसील गारगोटीला, शाहूवाडी तालुक्यातली नगरपरिषद मलकापूरला. आणि आपलं कोल्हापूर शहर कुठल्या तालुक्यात तर करवीर. शहरातल्या कितीतरी लोकांना आपला तालुका लिहिताना पेन थांबतो, फॉर्मवर "तालुका कोल्हापूर" लिहून येतात आणि फॉर्म परत येतो.

पश्चिमेला सह्याद्री, त्याच्या पलीकडं रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. उत्तरेला वारणा, ती ओलांडली की सांगली. पूर्वेला आणि दक्षिणेला कर्नाटकातला बेळगाव जिल्हा. पाऊस बघा किती वेगळा, गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे एकाच जिल्हाधिकाऱ्याला एका टोकाला घाटात दरड कोसळली म्हणून माणसं पाठवायची असतात आणि दुसऱ्या टोकाला, जिथं पाऊसच फारसा पडलेला नाही, तिथं वरच्या पाण्यानं आलेला पूर बघायचा असतो. ही गोष्ट पुढं पुराच्या भागात परत लागणार आहे.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती, त्यातले साडेपाच लाखाच्या आत कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत. बाकीचे कुठं? काही इचलकरंजीत, जिथं २०२२ मध्ये नगरपरिषदेची महापालिका झाली, म्हणजे आता जिल्ह्यात दोन महापालिका आहेत. काही जयसिंगपूर, कुरुंदवाड, शिरोळ, हुपरी, पेठवडगाव, कागल, मुरगूड, गडहिंग्लज, मलकापूर, पन्हाळा या नगरपरिषदांत. हातकणंगले, आजरा आणि चंदगड इथं नगरपंचायत. आणि उरलेला सगळा, म्हणजे बहुतेक जिल्हा, हजाराच्या वर ग्रामपंचायतींत.

दोन यंत्रणा आहेत, त्या एकमेकांत मिसळू नका

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी धावपळ वाचते.

पहिली यंत्रणा महसूलची. वर जिल्हाधिकारी, खाली प्रांत, मग तहसीलदार, मग मंडल अधिकारी आणि सगळ्यात खाली तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सातबारा, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पंचनामा, आपत्ती हे सगळं इकडं. ह्यांना महापालिका आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीशी देणंघेणं नाही, शिवाजी पेठेतला माणूस असो नाहीतर गोकुळ शिरगावचा, दोघांचा उत्पन्नाचा दाखला करवीर तहसीलदारांच्याच सहीनं येणार.

दुसरी स्थानिक स्वराज्य संस्थांची. पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती, घरफाळा (म्हणजे घरपट्टी), बांधकाम परवाना, जन्म-मृत्यू नोंद हे इथं. महापालिकेत आयुक्त आणि नगरसेवक, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष, गावात सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), गावाच्या वर तालुक्याला पंचायत समितीत गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ, आणि जिल्ह्याला जिल्हा परिषदेत सीईओ. महापालिका आणि नगरपरिषदेच्या हद्दीत जिल्हा परिषद नाही हे पण लक्षात ठेवा, राजारामपुरीच्या रस्त्यासाठी झेडपीत अर्ज देऊन उपयोग नाही.

ह्याशिवाय तिसरी म्हणजे सुटी सरकारी खाती: सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, महावितरण, एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, हायवेवाले. ह्यांच्या स्वतःच्या वेगळ्याच हद्दी असतात. पोलिसांचं पण तसंच. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, सगळ्या जिल्ह्याला एकच एसपी आहेत, त्यामुळं पोलीस ठाण्याच्या हद्दीवरून महापालिकेची हद्द ठरवायला जाऊ नका.

हद्द ओळखायची कशी

पिनकोडवर जाऊ नका. पोस्टाचा पिनकोड हद्दीच्या आत-बाहेर दोन्हीकडं तोच असू शकतो. केएमटीवर पण जाऊ नका, केएमटी ही महापालिकेची बस असली तरी ती आसपासच्या गावांना जाते, दारात ती बस थांबते म्हणजे आपण महापालिकेत असं होत नाही. मोबाईलच्या मॅपवर सगळीकडं कोल्हापूरच दिसतं.

सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे घरफाळ्याचं बिल. कपाटातनं काढा आणि वरची ओळ वाचा. कोल्हापूर महानगरपालिका असं असेल तर विषय संपला, ग्रामपंचायतीची पावती असेल तर गावाचं नाव तिथंच असतंय. भाड्यानं राहत असाल तर मालकाकडून बिलाचा फोटो मागून घ्या. नवीन फ्लॅट असेल आणि बिल अजून आलंच नसेल तर बांधकाम परवाना कुणी दिलाय ते बिल्डरला विचारा, त्यात सगळं कळतं.

दुसरा कागद जमिनीचा. शहरातल्या जागेला प्रॉपर्टी कार्ड, ते सिटी सर्व्हे म्हणजे नगर भूमापन ऑफिसचं. गावातल्या जमिनीला सातबारा आणि त्यावर गाव, तालुका लिहिलेला. पण एवढ्यावर विसंबू नका कारण शहराच्या कडेला सातबारा अजून चालू असलेल्या जमिनी आहेत आणि गावठाणात प्रॉपर्टी कार्ड झालेली घरं पण आहेत.

आता आपल्या शहराभोवतीची परिस्थिती. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि १९७२ नंतर पुढची पन्नास वर्षं ही हद्द वाढलीच नाही, माणसं वाढली, घरं वाढली, हद्दवाढीसाठी आंदोलनं झाली, हद्दवाढीच्या विरोधात गावं बंद राहिली. मी त्यात कुणाची बाजू इथं घेत नाही, गावाला घरफाळा वाढायची आणि शेतीवर आरक्षण पडायची भीती असते ती खरी आहे आणि शहराला वाढायला जागा नाही हे पण खरं आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की डोळ्यांना सलग दिसणारं शहर कागदावर एक महापालिका आणि डझनावारी ग्रामपंचायती असं तुटलेलं आहे.

कसबा बावडा, फुलेवाडी हे हद्दीच्या आत. फुलेवाडीतनं गगनबावडा रोडनं पुढं गेलात की नागदेववाडी, बालिंगा ही गावं, ती हद्दीबाहेर. दक्षिणेला कळंबा, पाचगाव, मोरेवाडी ग्रामपंचायती, आर. के. नगर कितीही शहरासारखं दिसलं तरी ते बाहेर. पूर्वेला उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी (विमानतळ इथं आहे, म्हणजे कोल्हापूरचं विमानतळ कोल्हापूर महापालिकेत नाही), गडमुडशिंगी, गांधीनगर, वळिवडे. गांधीनगरला कापडाला सगळा जिल्हा जातो, दुसऱ्या महायुद्धात त्याच माळावर पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता आणि नंतर फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं तिथं वसली, एवढी मोठी बाजारपेठ पण कारभार ग्रामपंचायतीचा. तावडे हॉटेल ते उचगाव पट्ट्यात हद्द नक्की कुणाची यावरून महापालिका आणि ग्रामपंचायत यांच्यात मोठा वाद झालेला सगळ्यांना माहीत आहे, तिथं जागा घेणाऱ्यानं तर दोन्हीकडं लेखी विचारल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

नदीच्या पलीकडं आणखी एक गंमत नाही, चांगलीच डोकेदुखी आहे. शिरोली पुलाची. पंचगंगेचा पूल ओलांडला की लगेच शिरोली, पण तालुका हातकणंगले. म्हणजे तहसील हातकणंगलेला, प्रांत इचलकरंजीला, लोकसभा मतदारसंघ पण हातकणंगले. शिरोलीच्या मुलाला दाखल्यासाठी करवीर तहसीलला पाठवलं की दिवस वाया, अॅडमिशनच्या टायमाला तर एक दिवस पण महाग असतोय.

महापालिकेच्या आत असाल तर

इथं पण एक गुंता आहे. तुमच्या पत्त्यात ए, बी, सी, डी, ई असा वॉर्ड असतो, राजारामपुरी ई वॉर्ड, शाहूपुरी ई वॉर्ड, शिवाजी पेठ ए वॉर्ड असं. हा वॉर्ड जुना, मिळकतीच्या नोंदीसाठीचा. निवडणुकीचा प्रभाग वेगळा आणि तो प्रत्येक निवडणुकीला बदलू शकतो. आणि रोजचं काम ज्या विभागीय कार्यालयातनं चालतं ते तिसरंच. अशी चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. गटार, रस्त्यावरचा खड्डा, कोंडाळा (कचराकुंडी) उठत नाही, फांदी पडली असल्या कामाला थेट मुख्य इमारतीत जाऊ नका, आधी तुमच्या विभागीय कार्यालयात जावा. कुठलं तुमचं ते घरफाळ्याच्या बिलावरनं नाहीतर शेजारच्या जाणत्या माणसाकडनं समजतं, तालमीत विचारलं तरी कुणीतरी सांगतंयच.

महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात लोकांना एक सवय लागली की अर्ज थेट अधिकाऱ्याच्या नावानं द्यायचा. ती सवय सोडू नका. नगरसेवकाला सांगा, जरूर सांगा, त्याचं ते कामच आहे, पण कागद अधिकाऱ्याच्या नावानं आणि पोच घेऊनच द्या.

कुठलं काम कुणाकडं

रस्ता. हा सगळ्यात जास्त फसवणारा विषय. गल्लीतला रस्ता महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. गावाला जोडणारा रस्ता बहुतेक झेडपीचा. राज्यमार्ग आणि बरेच मोठे जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकामचे. पुणे–बेंगळुरू हायवे राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीच्या आतले रस्ते एमआयडीसीचे. ओळखायचं कसं तर रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघा, त्यावर रस्त्याचा प्रकार आणि नंबर असतो, आणि नवीन काम झालं असेल तर कामाचा फलक असतो ज्यावर खात्याचं नाव, ठेकेदार, रक्कम आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. दोषदायित्वाच्या मुदतीत रस्ता उखडला तर तो ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो, हे अर्जात लिहिलं की अर्जाचं वजन वाढतं.

पाणी. शहराला काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइननं पाणी येतं, ते पुईखडीला शुद्ध होऊन पुढं जातं. २०२३ च्या दिवाळीत ते पहिल्यांदा पुईखडीपर्यंत पोचलं. त्याच्या आधीच्या बालिंगा, शिंगणापूरच्या योजना नदीवरच्या. गंमत बघा, शहराचं पाणी ज्या गावांतनं उचललं जातं ती गावं स्वतः महापालिकेत नाहीत. गावाचं पाणी ग्रामपंचायतीच्या योजनेचं असतं, काही ठिकाणी अनेक गावांना मिळून प्रादेशिक योजना असते, तेव्हा नळाला गढूळ पाणी आलं तर आधी गावात विचारा की योजना कुणाची चालू आहे.

दिवे. खांबावरचा दिवा बंद असेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायत. खांबच वाकलाय, तार लोंबतीय, ट्रान्सफॉर्मर ठिणग्या टाकतोय तर महावितरण, नंबर १९१२. खांबावर रंगानं लिहिलेला नंबर असतो तो सांगितला की वायरमन शोधत फिरत नाही.

जन्म आणि मृत्यू दाखला. इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. दाखला आपण जिथं राहतो तिथं मिळत नाही, घटना जिथं घडली तिथं मिळतो. सून चंदगडची, सासर पाचगावचं आणि बाळंतपण कोल्हापुरातल्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात झालं तर नोंद कोल्हापूर महापालिकेत. बाळंतपण माहेरच्या गावात झालं तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत. २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते, दवाखान्यात झालं असेल तर दवाखानाच कळवतो, तरी सुट्टी घेताना आईबापाचं नाव आधारप्रमाणं बरोबर लिहिलंय का ते स्वतः वाचा. नावातली वेलांटी चुकली तर पुढं शाळेपासून पासपोर्टपर्यंत ती चूक माणसाबरोबर फिरते.

बांधकाम परवाना. महापालिकेच्या आत महापालिकेचा नगररचना विभाग. बाहेर, शहराला लागून असलेल्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, ह्या गावांत परवाना प्राधिकरणाकडनं बघायचा, "ग्रामपंचायतीचा ठराव हाय की" असं सांगून कुणी प्लॉट विकत असेल तर थांबा. प्लॉट घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघाच: बिगरशेती झालाय का, गाव प्राधिकरणात आहे का, आणि जागा पूररेषेत येते का. निळी रेषा आणि लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो. उन्हाळ्यात जागा बघायला गेलं की सगळं कोरडं ठणठणीत दिसतं, म्हणून आसपासच्या जुन्या माणसाला विचारा की २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

पुराच्या दिवसात

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या नद्या येऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, शहराला वळसा घालून शिरोली, रुई, इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पूर समजायचा असेल तर ही वाट पाठ पाहिजे. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, ते पाणी भोगावतीतनं आपल्याकडं येतं. म्हणजे कोल्हापुरात ऊन पडलं तरी राधानगरीत पाऊस असला की पातळी चढत राहते.

पातळी मोजतात राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेली होती आणि शिरोलीजवळ हायवेसुद्धा बंद पडला होता. तुमच्या घराचा आकडा तुम्ही स्वतः काढून ठेवा. म्हणजे असं, पातळी किती फुटाला तुमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी येतं, किती फुटाला गावाचा बंधारा किंवा पूल बंद होतो. सुतारवाड्यातल्या लोकांना आणि चिखली, आंबेवाडीच्या लोकांना हे आकडे तोंडपाठ असतात, बाकीच्यांना पाणी उंबऱ्याला लागल्यावर कळतं. दुधाची म्हैस असेल तर ती माणसांच्या आधी हलवावी लागते, शेवटच्या रात्री पाण्यातनं जनावर निघत नाही.

पुराच्या वेळी मात्र हद्दीचा विचार करत बसू नका, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, नाहीतर ११२. पाणी उतरल्यावर परत दोन्ही यंत्रणा वेगळ्या होतात: पंचनामा महसूलचा, म्हणजे तलाठ्याकडं, आणि गाळ काढणं, औषध फवारणी, पिण्याचं पाणी हे महापालिका किंवा ग्रामपंचायतीचं. पंचनाम्याच्या आधी घर धुवून काढायची घाई होते ती साहजिक आहे, पण पाण्याची खूण, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत यांचे फोटो काढल्याशिवाय झाडू हातात घेऊ नका, आणि पंचनाम्यावर सही करायच्या आधी त्यात काय लिहिलंय ते वाचा.

पाणी हद्द बघून वाहत नाही हे नाल्यांच्या बाबतीत पण तितकंच खरं आहे. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा ही गावं उंचावर, शहर उताराला, म्हणजे वरचं सांडपाणी शेवटी खालीच येणार. जयंती, दुधाळी, लाईन बाजार, बापट कॅम्प हे नाले पंचगंगेला जाऊन मिळतात आणि तेच पाणी खाली इचलकरंजी, शिरोळच्या माणसाच्या वाट्याला येतं. नदीवर फेस किंवा मेलेले मासे दिसले तर महापालिकेबरोबर प्रदूषण नियंत्रण मंडळाला पण लेखी कळवा, त्यांनी येऊन नमुना घ्यायचा असतो आणि तो लगेच घेतला तरच उपयोग, दोन दिवसांनी पाणी पुढं गेलेलं असतं.

अर्ज कसा लिहायचा

एका कागदावर एकच विषय. गटार, दिवा आणि कुत्री तिन्ही एका अर्जात घातली की तो कागद तीन टेबलांवर फिरत बसतो. वर अधिकाऱ्याचं पद लिहा, माणसाचं नाव नाही, बदली झाली तरी अर्ज चालतो. जागा अशी लिहा की नवीन आलेल्या माणसाला पण सापडेल: कुठल्या चौकातनं कुठल्या बाजूला, कुणाच्या दुकानासमोर, खांबाचा नंबर काय. कधीपासून अडचण आहे ती तारीख. शेवटी नक्की काय पाहिजे ते एका ओळीत. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहू नका, "अमुक ठिकाणचं तुंबलेलं गटार साफ करून तुटलेलं झाकण बदलावं" असं लिहा. खाली पाच-दहा शेजाऱ्यांच्या सह्या असल्या तर उत्तम.

आणि झेरॉक्स. दोन प्रती न्यायच्या, एक आवक टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. शिक्का पुसट उठला तर परत मारून मागा, लाजू नका. एका ऑफिसात मला "ठेवून जावा, साहेबांना देतो" असं सांगितलं होतं, तो अर्ज पुढं कुणालाच सापडला नाही, तेव्हापासून पोच हातात आल्याशिवाय मी टेबल सोडत नाही आणि ज्यांच्याबरोबर जातो त्यांना पण सोडू देत नाही.

दाखल्यांच्या बाबतीत २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आपल्या बाजूनं आहे. प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेत, ऑफिसात तो फलक लावलेला असायला पाहिजे, मुदतीत दाखला दिला नाही किंवा कारण न सांगता नाकारला तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. ऑनलाइन "आपले सरकार" पोर्टलवर अर्ज केला की तारीख आपोआप नोंदली जाते.

तक्रारीला उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा, ३० दिवसांत उत्तर. "माझं काम का केलं नाही" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर येत नाही. "अमुक तारखेच्या, अमुक आवक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली त्याच्या टिपणीची प्रत द्यावी" असं विचारायचं. बघा, इथं पण आवक नंबर लागला.

त्याच्या पुढं लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. त्या दिवशी नुसतं जाऊन उभं राहून होत नाही, आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो आणि खाली कुठं दाद मागितली होती ते दाखवावं लागतं.

गावात राहणाऱ्यांनी मात्र ह्या सगळ्याच्या आधी ग्रामसभेला जावा. वर्षातनं किमान चार होतात, बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. शहरालगतच्या गावांत हजारो मतदार असतात आणि ग्रामसभेला खुर्च्या रिकाम्या, कारण नवीन अपार्टमेंटमधल्या लोकांना आपण गावचे मतदार आहोत हेच वाटत नाही. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते लागतात, तेवढे पण जमले नाहीत की सभा तहकूब. दोन अपार्टमेंटनी ठरवून माणसं आणली तरी गणपूर्ती होते, मग तुमच्या लेनचं गटार आराखड्यात घ्या असा विषय मांडता येतो, तो ठरावाच्या वहीत लिहून घेता येतो, आणि सभा संपायच्या आत तो ठराव मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.